लोहखनिजाच्या डोंगरावरचे बिनशेपटीचे विंचू

दहापटीचं भिंग मी नोकरीभर दगडासाठी वापरलं. दल्ली-राजहराच्या खाणीतला ढेकूळ फोडायचा, भिंग डोळ्याला लावायचं आणि हेमटाइट किती, गारगोटी किती याचा अंदाज बांधायचा, हे माझं काम. निवृत्त होऊन भिलाईत स्थिरावल्यावर ते कपाटात जाईल असं घरच्यांना वाटलं होतं. आता ते स्वयंपाकघरात, अंगणातल्या निलगिरीच्या सालीखाली आणि पाचोळ्याच्या पिशवीवर चालतं. शोध एकाच प्राण्याचा: छद्मविंचवाचा.

ओळख तांदळाच्या कोठीमुळे झाली. धमतरीकडून आणलेला दुबराज सुपात पसरला होता. त्यात पोरकिड्यांबरोबर एक तपकिरी ठिपका दोन नांग्या उगारून मागे मागे सरकत होता. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाई सूप टाकून दोन हात लांब झाल्या. "ए तो बिच्छी के पिला आय!" विंचवाचं पिल्लू. मी भिंग लावलं. नांग्या हुबेहूब विंचवाच्या, पाय आठ, लांबी जेमतेम तीन मिलिमीटर. मागे मात्र शेपूट नाही, म्हणजे डंखही नाही. पोट गोलसर, आडव्या पट्ट्यांचं, आणि तिथेच प्राणी संपला.

बाईंना मी सांगितलं की हे पिल्लू नव्हे, हा पूर्ण वाढलेला प्राणी आहे आणि तो माणसाला काही करत नाही. त्यांनी ऐकून घेतलं, पण सूप त्या दिवशी मीच पाखडलं. पुढे वाचताना कळलं की बाई फारशा चुकल्या नव्हत्या. छद्मविंचवांचे सर्वांत जवळचे नातेवाईक कोण, याबद्दल शास्त्रज्ञांत दीर्घकाळ वाद होता. २०२१ मध्ये जनुकांच्या मोठ्या तुलनेतून उत्तर आलं की खरे विंचूच. म्हणजे पिल्लू नसलं तरी चुलतभाऊ नक्की.

तीन मिलिमीटरचा संसार

छद्मविंचू हा कोळी, गोचीड, विंचू यांच्या वर्गातला स्वतंत्र गण आहे. जगभरात त्याच्या चार हजारांहून अधिक जाती नोंदल्या आहेत. बहुतेक दोन ते आठ मिलिमीटरच्या. दक्षिण अटलांटिकमधल्या असेन्शन बेटाजवळची एक जाती बारा मिलिमीटरपर्यंत जाते, तीच या गणातली सर्वांत मोठी.

एवढ्याशा देहात सामग्री बरीच आहे. बहुसंख्य कुळांत विषाची नळी नांगीच्या बोटातून जाते आणि टोकाजवळच्या दातातून उघडते. पोरकीड, पुस्तकातली ऊ, कोळीण (म्हणजे माइट) किंवा पाचोळ्यातला उडता कीटक नांगीत सापडला की त्याला टोचायचं, मग तोंडापुढच्या छोट्या चिमट्यांनी फाडायचं, पाचकरस सोडायचा आणि पातळ झालेला भाग शोषून घ्यायचा. त्याच छोट्या चिमट्यांतून रेशीम निघतं. कोळ्याचं रेशीम पोटाच्या मागच्या टोकातून येतं, याचं तोंडाशी. त्याचं जाळं तो विणत नाही. वाळूचे कण आणि लाकडाचा भुसा जोडून खोली बांधतो. कात टाकायची, अंडी सांभाळायची किंवा थंडी काढायची वेळ आली की त्या खोलीत जाऊन दार लावून घेतो.

नर शुक्राणूंची पुडी एका देठावर उभी करून जमिनीवर ठेवतो आणि मादी ती उचलून घेते. काही कुळांत नर ती कुठेही ठेवून निघून जातो. काहींत मादीच्या नांग्या धरून, पुढे-मागे करत तिला नेमक्या जागी आणतो. अंडी मादीच्या पोटाखाली एका पारदर्शक पिशवीत राहतात आणि वाढत्या पिल्लांना ती आपल्या शरीरातून पोषक द्रव पुरवते. सालीखाली पोटाशी पांढरी पिशवी घेऊन बसलेली मादी दिसली की मी साल पुन्हा दाबून ठेवतो.

अरिस्टॉटलपासून कोलकात्यापर्यंत

हा प्राणी माणसाच्या नजरेत फार पूर्वी आला, आणि तोही पुस्तकांमुळे. पुस्तकांत राहणारे, शेपूट नसलेल्या विंचवासारखे बारीक जीव, अशी नोंद अरिस्टॉटलने करून ठेवली आहे. १६६५ मध्ये रॉबर्ट हूकने 'मायक्रोग्राफिया' या ग्रंथात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या खेकड्यासारख्या किड्याचं चित्र काढलं, तो छद्मविंचूच. १७५८ मध्ये लिनिअसने त्याला नाव दिलं, पण घातला मात्र गोचीड-कोळिणींच्या गटात. आज ती जाती केलिफर कॅन्क्रॉइडीस म्हणून ओळखली जाते. घरं, गोठे, कोंबड्यांची खुराडी आणि ग्रंथालयं यांच्या आसऱ्याने ती जगभर पसरली आहे. पुस्तकाची खळ खाणाऱ्या उवांवर ती जगते, म्हणजे ग्रंथपालाने तिला पगार द्यायला हरकत नाही.

भारतातल्या जातींचा पहिला मोठा अभ्यास कोपनहेगनच्या कार्ल विथचा, १९०६ सालचा. निमित्त होतं १८९९-१९०० च्या डॅनिश सयाम मोहिमेचं, पण त्याने त्यात भारतीय जातींचा सविस्तर हिशेब मांडला. १९१४ मध्ये नॉर्वेच्या एडवर्ड एलिंगसेनने कोलकात्याच्या इंडियन म्युझियममधला संग्रह तपासला. पुढे अमेरिकेच्या जोसेफ चेंबरलिनने १९३१ मध्ये संपूर्ण गणाची नव्याने मांडणी केली आणि व्हिएन्नाच्या माक्स बायरने १९३२ मध्ये जगातल्या तोवरच्या जातींचे दोन जाडजूड खंड काढले. भारतीयांनी लिहिलेला आधारग्रंथ १९७७ चा. मूर्ती आणि टी. एन. अनंतकृष्णन यांनी भारतातले छद्मविंचू एका प्रबंधात एकत्र आणले. अनंतकृष्णन हे चेन्नईचे नामवंत कीटकशास्त्रज्ञ आणि भारतीय प्राणिशास्त्र सर्वेक्षणाचे माजी संचालक. अलीकडे कोचीच्या सेक्रेड हार्ट कॉलेजमधली कोळी-अभ्यासकांची मंडळी यात नव्याने भर घालत आहेत.

जगाचा हिशेब ठेवण्याचं काम बरीच वर्षं ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरी, वेस्टर्न ऑस्ट्रेलियन म्युझियममध्ये मार्क हार्वी यांनी केलं. १९९१ मध्ये त्यांची जगभराची सूची पुस्तकरूपाने आली. खाणीचा माणूस या प्राण्यापर्यंत कसा पोचला, याचं उत्तर याच हार्वींच्या कामात आहे. त्याकडे येतोच.

बारा केसांची कुळकथा

वर्गीकरण म्हटलं की सर्वसाधारण वाचक पान उलटतो. मी उलटत नाही, कारण आमच्या खडकांचंही असंच आहे. दिसायला दोन लाल दगड सारखे, पण एक पाण्याखाली थरांनी साचलेला, दुसरा उन्हापावसाने जागच्या जागी झिजून बनलेला. वेगळं नाव दिलं की वेगळा इतिहास समोर येतो. छद्मविंचवांचंही तसंच.

ओळखायची पहिली खूण नांगीवरचे लांब, तलम केस. हवेतली किंचितशी हालचाल ते टिपतात. ज्याची नजर अधू, आणि ज्याला कधीकधी डोळेच नसतात, अशा प्राण्याला शिकारीचा माग त्यातूनच लागतो. बहुतेक कुळांत पूर्ण वाढलेल्या प्राण्याच्या प्रत्येक नांगीवर असे बारा केस असतात: न हलणाऱ्या बोटावर आठ, हलणाऱ्या बोटावर चार. पिल्लू पहिल्या अवस्थेत असताना तीन आणि एक, दुसऱ्या अवस्थेत सहा आणि दोन, तिसरीत सात आणि तीन. केस मोजले की वय कळतं. ते बोटावर नेमके कुठे उगवले आहेत, टोकाकडे की बुडाशी, जवळजवळ की लांबलांब, त्यावरून प्रजाती आणि जातीकडे सरकता येतं. त्यासाठी भिंग पुरत नाही. मी एक जुना सूक्ष्मदर्शक विकत घेतला, त्यावर आमच्या घरातला सर्वांत शांत वेळ जातो.

दुसरी खूण विषाची. नांगीत विष असलेली कुळं एका बाजूला आणि नसलेली दुसऱ्या बाजूला, अशी दोन उपगणांची मांडणी दीर्घकाळ चालली. बिनविषारी बाजूला दोन घराणी होती. एक क्थोनिऑइडिया: पाचोळ्यात, मातीत आणि गुहांत राहणारी, नाजूक, लांब बोटांची. दुसरं फीएलॉइडिया: जाड, खडबडीत आणि संथ. २०१९ मध्ये हार्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनुकीय पुराव्यावर पूर्ण वंशवृक्ष पुन्हा उभा केला आणि या दोघांची मोट सुटली. फीएलॉइडिया हे घराणं बाकी सगळ्या छद्मविंचवांपासून सर्वांत आधी वेगळं झालेलं निघालं. क्थोनिऑइडियाचं नातं त्या 'भावा'पेक्षा विषारी कुळांशी जवळचं ठरलं. म्हणजे एखादी गोष्ट दोघांकडे नाही म्हणून ते दोघे सख्खे, हे अनुमान फसवं होतं. विष एकदाच, नंतरच्या शाखेत आलं. आधीच्या दोन्ही शाखा त्याविना तशाच राहिल्या.

हे सगळं फार जुनं आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या गिल्बोआ इथे ३८ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकात छद्मविंचवाचे अवशेष सापडले. १९८९ मध्ये त्यांची नोंद प्रसिद्ध झाली. त्या वेळी जमिनीवर चार पायांचा एकही प्राणी धड चालत नव्हता, आणि हा नांग्या उगारून फिरत होता.

फुकटे प्रवासी

आता मूळ प्रश्न. पंख नाहीत, पाय दीड मिलिमीटरचे. मग एखादी जाती भिलाईच्या कोठीत आणि ब्राझीलच्या गोदामातही कशी सापडते?

उत्तर आहे लटकून. छद्मविंचू माशीचा पाय नांगीत पकडतो आणि माशी उडाली की तोही उडतो. सडलेल्या लाकडाचा किंवा शेणाचा ढिगारा संपला की पुढच्या ढिगाऱ्यावर जायचा हाच मार्ग. मध्य आणि दक्षिण अमेरिकेत हार्लेक्विन नावाचा मोठा भुंगेरा आहे, त्याच्या पंखांच्या आवरणाखाली छद्मविंचू चक्क बिऱ्हाड करतात. नर तिथली जागा राखतो आणि प्रवासातच माद्यांशी समागम करतो. ही सवय प्रामुख्याने वंशवृक्षाच्या अलीकडच्या फांदीवरची: केलिफेरिडी, केर्नेटिडी, विथिइडी, अ‍ॅटेम्निडी ही तिथली कुळं.

आपल्या सातेरी मधमाशीच्या पोळ्यातही एक आहे. चेंबरलिनने १९३२ मध्ये नोंदलेला एलिंगसेनियस इंडिकस. पोळ्यातल्या बारीक कीटकांवर आणि कोळिणींवर तो जगतो आणि नव्या जागी जाताना मधमाशीला धरतो. मधमाशीचा जीव घेणाऱ्या व्हरोआ कोळिणीवर छद्मविंचू सोडून उपाय होईल का, याचा विचार न्यूझीलंडपासून युरोपपर्यंत काही संशोधकांनी चालवला आहे.

माणूस आल्यावर माशीची गरजही कमी झाली. धान्याची पोती, जहाजं, मालगाड्या. विथियस पायगर ही जाती अशीच धान्याबरोबर जगभर गेली. आमच्या सुपातला पाहुणा बहुधा याच विथिइडी कुळातला. छत्तीसगड म्हणजे धान का कटोरा. इथल्या राइस मिल आणि गोदामं पाहता त्याला दुसरीकडे जायची गरज नाही. कोठीत पोरकीड आणि बारीक कोळिणी भरपूर, जेवण तयार. तो तांदळाच्या दाण्याला तोंड लावत नाही, हे मी घरी वारंवार सांगतो.

निलगिरी आणि अर्जुनाच्या सुटलेल्या सालीखाली वेगळे मिळतात. अर्जुनाला इकडे कउहा म्हणतात. तिथले छद्मविंचू चपटे, कागदाच्या घडीतही मावतील असे, नांग्या मात्र जाडजूड. अ‍ॅटेम्निडी कुळ असंच सालीखाली घर करणारं. विथने १९०६ मध्ये नोंदलेला ओराटेम्नस इंडिकस त्याच कुळातला. ब्राझीलमधली याच कुळातली एक जाती तर घोळक्याने राहते. अनेक जण मिळून स्वतःहून कितीतरी मोठी मुंगी किंवा भुंगेरा पकडतात आणि वाटून खातात.

या प्रवासी कुळांचा नकाशा काढला तर तो वाहतुकीचा नकाशा होतो. कुठे माशी गेली, कुठे पोतं गेलं, ते त्यात दिसतं. जमिनीबद्दल तो फारसं काही सांगत नाही.

जागा न सोडणारं कुळ

जमिनीची गोष्ट सांगतं ते फीएलिडी. वंशवृक्षातून सर्वांत आधी फुटलेल्या त्या घराण्यातलं हे कुळ. त्यातल्या फीएला या प्रजातीचं नाव इटालियन प्रवासी आणि संग्राहक लिओनार्दो फेआ याच्यावरून पडलं. त्याने पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आणलेल्या नमुन्यांवरून १९०६ मध्ये एलिंगसेनने तिचं वर्णन केलं. कासवासारखी कडक, दाणेदार पाठ. डोक्याच्या पुढच्या कडेला बोथट उंचवटे. त्यांच्या संख्येवरून बायरने प्रजातीचे उपविभाग पाडले, एका विभागाच्या नावातच चार हा आकडा बसला आहे, दुसऱ्याच्या नावात दोन. नांगीचा दंड इतका फुगलेला की हॅम्बुर्गच्या संशोधकांनी मादागास्करच्या जातींवर २०२२ मध्ये लिहिताना यांना हर्क्युलिस म्हटलं. दंड जाड, बोटं मात्र आखूड, आणि विष मुळीच नाही. चाल संथ. दगडाखाली, खडकाच्या भेगेत, पाचोळ्यात मुक्काम.

हे कुळ सापडतं कुठे? आफ्रिका, मादागास्कर, सेशेल्स, भारत, आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलियाचा पश्चिम भाग. भारतात फीएला इंडिका, दक्षिणेतली, चेंबरलिनने १९३१ मध्ये नोंदलेली. आग्नेय आशियातल्या जातींसाठी २०१७ मध्ये सायबेला ही निराळी प्रजाती आणि निराळं उपकुळ करावं लागलं.

भूशास्त्र शिकलेल्या कुणालाही ही यादी वाचून गोंडवनाची आठवण होईल. मला तर नागपूरच्या वर्गातला, तुकडे जुळवून चिकटवलेला पुठ्ठ्याचा नकाशाच आठवला. आफ्रिका, मादागास्कर, भारत, ऑस्ट्रेलिया हे एके काळी एकाच खंडाचे भाग. भारत मादागास्करपासून सुटला, मग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, दख्खनचा लाव्हा वाहत होता त्या सुमारास, सेशेल्स भारतापासून सुटलं. तुकडे सरकले आणि दगडाखालचा प्राणी दगडासकट गेला. तो चालला नाही, जमीन चालली. गोंडवन हे नाव ज्या गोंडांच्या मुलखावरून पडलं, त्या मुलखाच्या कडेलाच मी नोकरी केली. त्यामुळे हे स्पष्टीकरण मला फारच आवडलं.

आवडलेल्या स्पष्टीकरणाला पुरावे त्रास देतात. २०१४ मध्ये बाल्टिक समुद्राकाठच्या अंबरमध्ये, म्हणजे काही कोटी वर्षांपूर्वीच्या झाडाच्या डिंकात, फीएलाचं जीवाश्म निघालं. उत्तर युरोपात! तिथे गोंडवनाचा संबंध नाही. म्हणजे हे कुळ एके काळी उत्तरेलाही होतं आणि तिथून नाहीसं झालं. आजचा दक्षिणी नकाशा काही अंशी उरल्यासुरल्यांचा आहे. दुसरा धक्का २०२० चा. मालदीवमधून फीएला ऑब्स्क्युरा ही नवी जाती जाहीर झाली. मालदीवची बेटं प्रवाळांची, समुद्रसपाटीच्या जेमतेम वर आणि आजच्या रूपात काही हजार वर्षांचीच. तिथे गोंडवनाचा दगड नाही. तिथे पोचायला समुद्र ओलांडावाच लागतो, वाहत आलेल्या लाकडावरून किंवा माणसाच्या सामानातून.

फीएलिडीच्या शेजारच्या कुळाची, स्यूडोगॅरिपिडीची, तऱ्हा आणखी न्यारी. ते आज उत्तर अमेरिकेत आहे आणि ऑस्ट्रेलियाच्या टास्मानियात आहे. मधे काही नाही. त्याचीही जीवाश्मं बाल्टिक अंबरमध्ये मिळतात. दोन टोकं उरली, मधला धागा नाहीसा झाला.

म्हणून प्राण्याच्या नकाशाकडे मी आता तीन प्रश्न घेऊन बघतो. जमीन कुठे सरकली? प्राणी कुठे मेला? आणि शोधणारा कुठे गेला होता? तिसरा प्रश्न सगळ्यांत कमी विचारला जातो.

राजहरा आणि पिलबरा

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या पिलबरात आहे, आणि तिथेच माझा पेशा या प्राण्याला भेटतो.

पिलबरा हा जगातला लोहखनिजाचा मोठा पट्टा. सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळावर लोह आणि गारेचे पट्टे साचले, त्यांतली गार झिजून गेली आणि हेमटाइटचे डोंगर उरले. आमच्या राजहराचं खनिजही याच जातकुळीच्या पट्टेदार खडकातलं. तसला दगड, तसाच लाल धुरळा, दाढीत आणि कॉलरमध्ये बसणारा.

राजहराची हकिकत मराठी वाचकाला जवळची वाटेल, कारण तिचा एक धागा नागपुरात आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे प्रमथनाथ बोस यांनी १८८७ च्या सुमारास या डोंगरांतलं लोहखनिज नोंदवलं. १९०३ मध्ये दोराबजी टाटा नागपूरला सरकारी कामासाठी गेले असताना शहरातल्या संग्रहालयात शिरले आणि तिथल्या भूशास्त्रीय नकाशावर दुर्ग जिल्ह्यातलं लोहखनिज त्यांच्या नजरेस पडलं. ते आणि अमेरिकी भूशास्त्रज्ञ वेल्ड दल्ली-राजहराला पोचले. खनिज उत्तम निघालं, पण कारखान्याला लागणारं पाणी आणि जवळचा कोळसा यांचं गणित जमलं नाही. पुढच्या वर्षी बोस यांच्या पत्रावरून टाटा मयूरभंजकडे वळले. जमशेदपूर तिकडे झालं. राजहरा थांबलं, ते २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी भिलाईचा करार होईपर्यंत. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन केलं आणि राजहराचा डोंगर रेल्वेने भिलाईला येऊ लागला.

पिलबरातही डोंगर रेल्वेनेच बंदराला जातात. फरक असा की तिथे खाणीचा प्रस्ताव आला की पाचोळा चाळणारी माणसं आधी पोचतात. पर्यावरण परवान्यासाठी बारीक जीवांची पाहणी सादर करावी लागते. दगडाखाली, भेगांत, पाचोळ्यात शोधतात आणि जमिनीखालीही. खनिजाचा अंदाज घ्यायला पाडलेली बोअर भोकं असतात ना, त्यांतच पाचोळा भरलेले सापळे सोडतात आणि काही आठवड्यांनी वर ओढतात. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठलोच. आयुष्यभर बोअर भोकातून गाभा काढला, खालून चालता प्राणी वर येईल असं कधी मनात आलं नव्हतं. तिथे आले. क्थोनिइडी कुळातल्या टायरॅनोक्थोनियस आणि लॅजिनोक्थोनियस या प्रजातींच्या, अंधारात राहणाऱ्या जाती. २००८ मध्ये त्यांच्यावर हार्वी आणि सहकाऱ्याचा मोठा लेख आला.

फीएला पिलबरात आहेच. ऑस्ट्रेलियातली पहिली जाती हार्वींनी १९८९ मध्ये किंबर्ली भागातून नोंदली होती. २०१६ मध्ये पिलबरातल्या नव्या जाती आल्या तेव्हा दिसलं की एकेका जातीचं जग काही डोंगरांपुरतं आहे. अशा जातींसाठी हार्वींनी २००२ मध्ये एक मोजपट्टी सुचवली होती. जिचा वावर दहा हजार चौरस किलोमीटरांहून कमी, ती अल्पक्षेत्री जाती. आपल्या डोळ्यांपुढे आकार यावा म्हणून सांगतो: २०१२ मध्ये बालोद आणि बेमेतरा वेगळे होण्याआधीचा अख्खा दुर्ग जिल्हा साधारण साडेआठ हजार चौरस किलोमीटरांचा होता. पिलबरातल्या काही जातींचं अख्खं विश्व यातल्या एखाद्या तालुक्याहून लहान. असा एक डोंगर पूर्ण खणला की ती जाती संपली. वाघ एका जंगलातून दुसऱ्यात जाईल, याला पर्याय नाही.

तिकडेही सगळं गोडीगुलाबीने होत नाही. २००७ मध्ये पिलबरातल्या मेसा ए या लोहखनिजाच्या टेकडीची खाण तिथल्या पर्यावरण प्राधिकरणाने नाकारण्याची शिफारस केली. कारण होतं कोळीवर्गातले काही मिलिमीटरचे, भूमिगत जीव, छद्मविंचवांचे दूरचे भाऊबंद. पुढे अपील झालं आणि टेकडीचा काही भाग न खणता राखायच्या अटीवर परवानगी मिळाली. खाण झाली, जीवही राहिले. खाणवाल्याच्या नजरेतून मला ही तडजोड शहाणपणाची वाटते. लोखंड सगळ्यांनाच लागतं. माझ्या घराचा स्लॅब आणि हा लेख पोचवणारी गाडी त्याच्याचवर उभी आहे. पण काय खणतो आहोत याची यादी पूर्ण असावी, आणि त्या यादीत खनिजाच्या टक्केवारीबरोबर वरच्या वीतभर थराचाही एक रकाना असावा. आमच्या पेशात जगभर हा थर 'ओव्हरबर्डन' म्हणून बाजूला लोटला जातो. पिलबरातला फीएला त्याच थरात मिळाला.

भिलाईत कुठे बघावं

छद्मविंचू बघायला जंगल लागत नाही. छत्तीसगडचा शेतकरी जमिनीचे चार प्रकार सांगतो: भाठा, मटासी, डोरसा, कन्हार. माझा कल भाठ्याकडे, म्हणजे उंचावरच्या लाल मुरमाड जमिनीकडे. तिथे धान होत नाही, त्यामुळे नांगरही क्वचित लागतो आणि दगडाखालचा संसार मोडत नाही. साजा, मोह, सालई यांच्या बुंध्याशी साठलेला पाचोळा पावसाळ्यानंतर, ओल असताना घ्यावा. कोरड्या मे महिन्यात सगळे खोल जातात.

पाचोळा आधी पिठाच्या चाळणीतून पांढऱ्या कापडावर चाळायचा आणि थोडा वेळ स्वस्थ बसायचं. छद्मविंचू धोका वाटला की नांग्या आखडून मेल्यासारखा पडतो. हलू लागला की तो मागे मागे चालण्यावरून लगेच ओळखू येतो. दुसरा मार्ग नरसाळ्याचा: नरसाळ्यात जाळी, जाळीवर पाचोळा, वर चाळीस वॉटचा बल्ब, खाली बाटली. वरून ऊब आणि कोरडेपणा वाढत जातो, तसे जीव खाली सरकतात आणि बाटलीत पडतात. शास्त्रज्ञ बाटलीत अल्कोहोल ठेवतात. मी ओला टिपकागद ठेवतो, भिंगाखाली बघतो आणि पाचोळ्यासकट परत नेऊन टाकतो. साल उचकटताना मात्र फक्त आधीच सुटलेली घ्यावी, जिवंत झाडाची नाही.

आणि चिठ्ठी लिहावी. भूशास्त्रात नमुन्याला चिठ्ठी नसेल तर तो नमुना नव्हे, रस्त्यावरचा दगड. प्राण्याचंही तेच. नाव पुढे कोचीत, पर्थला किंवा हॅम्बुर्गला कुणीतरी ठरवेल. जागा मात्र ज्याने पाचोळा उचलला तोच सांगू शकतो. गाव, तालुका, जमीन भाठा की मटासी, झाड कोणतं, दगड कोणता, ओल होती की नव्हती, तारीख काय. विथ आणि एलिंगसेन यांनी शंभर वर्षांपूर्वी जे मांडलं ते अशाच चिठ्ठ्यांच्या आधाराने. त्यांच्या नमुन्यांना पाय फुटले ते रेल्वे आणि बंदरं होती त्या वाटेने. आज रेल्वे दल्ली-राजहरापर्यंत आणि त्याच्याही पुढे जाते. खनिज खाली येईल त्याच गाडीने वर जावं, पाचोळ्याची एक पिशवी भरावी, चिठ्ठी लावावी. यासाठी पदवी लागत नाही, दहापटीचं भिंग चारपाचशे रुपयांत मिळतं, आणि घरच्यांचं बोलणं ऐकून घ्यायची तयारी असली की बाकी सगळं जमतं.